आत कोण हाय का?

सोमवारी सकाळी सव्वानऊला मी रफीकभाईंना मेसेज केला, "बिल्ड अजून लाल आहे. किती वाजता येताय?" दोन निळ्या खुणा उमटल्या, म्हणजे मेसेज वाचला गेला होता. उत्तर मात्र येईना. माझा स्वभाव आधीच घाईचा. दहा मिनिटांनी मी पुन्हा लिहिलं, "कुलूप लावून तुम्ही घरी बसलात, आम्ही काय हातावर हात धरून बसायचं का?" तेही निळं झालं. मग त्यांच्या नंबरवरून फोन आला. "बोला एकदाचे," मी म्हटलं. पलीकडे त्यांची मुलगी सना होती. "ताई, अब्बा काल सकाळी गेले... छातीत दुखाय लागलं, दवाखान्यात न्हेईस्तवर... दफन पन झालं. कुणाला कळवायचं सुचलंच न्हाई." मी काय बोलले ते मला आठवत नाही. माझा तो दुसरा मेसेज त्या मुलीनं वाचला होता, एवढंच आठवतं. तो अजूनही त्यांच्या फोनमध्ये आहे.

गेल्या आठवड्यात त्यांचा चाळीसावा दिवस झाला. त्यानंतरच हे लिहायला बसले आहे.

रफीकभाईंचं घर चिखलीतलं, तिथं शेतं होती तेव्हापासूनचं. वडील विहिरींवरचे पंप दुरुस्त करायचे. रफीकभाई स्वतः चाकणच्या एका प्रेस शॉपमध्ये, म्हणजे पत्रा दाबून पार्ट काढणाऱ्या कारखान्यात, वीस वर्षं फिटर होते. आमची कंपनी मोशीत, एका वर्कशॉपच्या वरच्या मजल्यावर. कारखान्यांसाठी आम्ही सॉफ्टवेअर बनवतो. कुठला पार्ट कुठल्या मशीनवर झाला, कुठे अडला, याची नोंद ते ठेवतं. आम्हा कॉलेजातून आलेल्या पोरांना प्रेस मशीन नेमकं कसं चालतं हे समजावून सांगायला म्हणून साहेबांनी त्यांना आणलं, आणि आमच्या शेजारी बसून बसून हा माणूस पंचेचाळिसाव्या वर्षी जावा ही प्रोग्रॅमिंगची भाषा शिकला. चष्मा कपाळावर, एका बोटानं टायपिंग. आम्ही हसायचो. वर्षभरात आमच्या चुका तेच शोधून द्यायला लागले, तेव्हा हसू आपोआप थांबलं. मग कुणालाच नको असलेलं काम त्यांनी मागून घेतलं, ते म्हणजे बिल्ड.

बिल्ड म्हणजे काय, ते दोन शब्दांत सांगते. आमचा प्रोग्रॅम सगळा आम्ही लिहीत नाही. निम्म्याहून अधिक भाग जगभरच्या लोकांनी आधीच तयार करून ठेवलेले असतात, त्यांना लायब्ररी म्हणतात. आमचं लिखाण आणि ते तयार भाग एकत्र जुळवून सॉफ्टवेअर उभं करणारं एक साधन असतं. त्याला काय काय आणायचं याची यादी एका फाईलमध्ये लिहून द्यायची. जमलं तर पडद्यावर हिरवं, नाही तर लाल. गोम अशी, की प्रत्येक लायब्ररीला तिच्या स्वतःच्या आणखी दहा लायब्रऱ्या लागतात, आणि कधी कधी दोघींना तिसरी एकच हवी असते, पण एकीला जुनी आणि दुसरीला नवी. साधन त्यातली एकच उचलतं. रफीकभाई म्हणायचे, "हे टूल लई भिडस्त हाय, ताई. दोन पावनं भांडत आलं की जो दाराजवळ हुबा हाय त्याला घरात घेतं, दुसऱ्याला गुपचूप माघारी धाडतं. कुनाला सांगत पन न्हाई." एकदा मला ते पटेना, तेव्हा त्यांनी खिशातून दोन बोल्ट काढून टेबलावर ठेवले. दोन्ही बारा एमएमचे, दिसायला जुळे. एकाचे आटे बारीक, दुसऱ्याचे जाड. "ह्याचा नट त्याला लाव," म्हणाले. मी लावला. दोन आटे बसला आणि अडकला. "तवर तुला वाटलं, बसला," ते म्हणाले आणि बोल्ट परत खिशात टाकून कामाला लागले. आपण खिशात बोल्ट घेऊन ऑफिसला येतो, याचं त्यांना स्वतःला काही वाटायचं नाही.

बिघाड शोधायची त्यांची एक पद्धत होती. कोण कुणावर अवलंबून आहे याची जी लांबलचक यादी ते साधन देतं, तिला आम्ही 'झाड' म्हणतो. आम्ही ती पडद्यावर भराभर सरकवायचो. रफीकभाई ती कागदावर छापायचे, कागद एकाखाली एक चिकटवून भिंतीवर लावायचे आणि लाल पेन्सिलीनं एकेक ओळ तपासून पुढे बारीकशी खूण करायचे. खाली सरकायची घाई नाही. बिल्ड लाल झाल्यावर मी सवयीनं शेवटची ओळ वाचायची, तर मागून आवाज यायचा, "वरनं वाच, वरनं. शेवटची ओळ खोटं बोलत न्हाई, पन ती लई उशिरा बोलती. पयली हुडक."

आणि कुलूप. अंगठ्याएवढं, लाल रंगाचं, त्याला लटकवलेल्या पट्टीवर त्यांचं नाव आणि केस काळे असतानाचा फोटो. हे त्यांनी कारखान्यातून निघताना मागून आणलं होतं. तिथला नियम असा, की मशीनच्या आत हात घालायचा असेल तर आधी स्विच बंद करून त्याला आपलं कुलूप लावायचं, किल्ली आपल्या खिशात. ज्याचं कुलूप त्यानंच काढायचं, मग साहेब असो की मालक. आमच्याकडे बिल्डच्या कॉम्प्युटरला लोखंडी जाळीचं दार होतं. दुरुस्ती चालू असली की रफीकभाई त्याच्या कडीत कुलूप अडकवायचे आणि त्या यादीच्या फाईलमध्येही एका लायब्ररीची आवृत्ती पक्की बांधून वर ओळ लिहायचे, "कुलूप माझं आहे. मीच काढीन. - रफीक." तसं पाहिलं तर बिल्ड कुणीही आपल्या जागेवरून चालवू शकत होतं. पण लाल कुलूप दिसलं की चालवायचं नाही, हे सगळ्यांनी मुकाट मान्य केलं होतं. दुरुस्ती झाली की ते कुलूप काढायचे आणि बिल्ड सुरू करण्याआधी उभे राहून मोठ्यानं विचारायचे, "आत कोण हाय का?" आम्ही सगळे एका सुरात ओरडायचो, "कोणी नाही." ते तरीही थोडा वेळ तसेच उभे राहायचे. मग बटण. आम्हाला तो खेळ वाटायचा.

मागच्या वर्षी मी फाईलमधली त्यांची ती कुलपाची ओळ परस्पर काढून टाकली. मला घाई होती, नेहमीप्रमाणे. त्यांनी पाहिलं आणि मला खाली चहाच्या टपरीवर घेऊन गेले. दोन चहा सांगितले. मग म्हणाले, "आमच्यात एक जन प्रेसमध्ये वाकला व्हता. जेवनाची सुट्टी संपत आलेली, दोन मिंटाचं काम म्हनून त्यानं कुलूप लावलं न्हवतं. मी आवाज दिला, आत कोण हाय का. मागनं कुनीतरी बोललं, कोणी न्हाई... आन मी दाबलं." त्यांनी चहा तसाच खाली ठेवला. "मानूस जगला. उजवा हात गेला. मशीनचा आवाज व्हता गं, त्याला माझं उशिरा ऐकू आलं. तो वरडला बी, पन मी दाबल्यावर. घाईत त्याला कुलूप लावायचं सुचलं न्हाई आन मला थांबायचं." त्यानंतर मी त्यांच्या कुलपाला कधी हात लावला नाही.

शेवटच्या शुक्रवारी ते दिवसभर भिंतीवरच्या झाडापाशी उभे होते. चाकणच्या एका कारखान्यात नवी लाईन सुरू व्हायची होती आणि आमचं नवं सॉफ्टवेअर उभंच राहत नव्हतं. दुपारी डावा खांदा चोळत होते. मी म्हटलं, "वय झालं, रफीकभाई. आता गाडी सोडा, बस धरा." ते हसले. गेले दोन महिने ते जिन्यात मध्येच थांबत होते, आणि मी प्रत्येक वेळी वरून ओरडत होते, "काय, चहा मागवू का तिथंच?" डबा अर्धा परत न्यायला लागले होते. हे सगळं मी पाहत होते. सगळं डोळ्यांसमोर होतं, वरून पहिल्या ओळीपासून. मी शेवटची ओळ वाचली, ती सोमवारी सकाळी, त्यांच्या मुलीच्या आवाजात. त्या शुक्रवारी संध्याकाळी सहाला मीच म्हटलं होतं, "चला आता, सोमवारी बघू." त्यांनी जाळीला कुलूप लावलं, किल्ली खिशात टाकली. "सोमवारी काढतो. तू घाई करू नको," म्हणाले आणि जिना उतरून गेले.

कारखान्याच्या चालू कामापुरती जुनी आवृत्ती देऊन आम्ही काही दिवस कशीबशी वेळ निभावली. साहेब भले आहेत, पण त्यांचाही नाइलाज होता. "वैशाली, ते कुलूप तोडावं लागेल," त्यांनी पहिल्यांदा हळूच सांगितलं, दुसऱ्यांदा जरा स्पष्ट. मी दोन्ही वेळा नाही म्हटलं. लोकांना वाटलं, मी भावुक झाले. तसं नव्हतं. कुलूप काढलं की आत कोणी नाही, असं मी माझ्या तोंडानं म्हटल्यासारखं होणार होतं. ते माझ्याच्यानं होत नव्हतं. तिसऱ्यांदा साहेब म्हणाले, "नवी लाईन आपल्यापायी थांबलीय गं. रफीकभाईंना तरी हे आवडलं असतं का?" मी म्हटलं, "तोडू नका. मी काढते."

कुलपाचा मालक सापडला नाही तर काय करायचं, हेही रफीकभाईंनी मला सांगून ठेवलं होतं. आधी त्याला फोन करायचा. मग त्याच्या घरी विचारायचं. मग मशीनभोवती फिरून हाक मारायची. तो आत नाही, याची खात्री झाल्यावरच कुलूप काढायचं. मी ठरवलं, सगळं रीतसर करायचं. त्यांच्या नंबरला फोन लावला. सनानं फोन चार्ज करून ठेवलेला होता, तिनं उचलला. "घरी येते," एवढंच म्हटलं.

चिखलीतल्या त्या घरात भाभी खाली चटईवर बसल्या होत्या. मी शेजारी बसले. कसं विचारावं ते कळेना. शेवटी म्हटलं, "भाभी, रफीकभाईंचं कुलूप काढायचंय. काढायच्या आधी घरी विचारावं लागतं... ते आत नाहीत ना, म्हणून." मला वाटलं, या बाईला हे काय वेड्यासारखं विचारते मी. पण वीस वर्षं फिटरच्या घरात काढलेली बाई, तिला लगेच समजलं. 

"न्हाईत गं," त्या म्हणाल्या. "रोज सकाळी बघती मी. समद्या खोल्या बघती. न्हाईत."

मग त्या उठल्या आणि कपाटातून किल्ली आणून माझ्या हातावर ठेवली. शुक्रवारच्या पँटच्या खिशात सापडली होती, दोन बोल्टांबरोबर. बोल्ट त्यांनी ठेवून घेतले.

दुसऱ्या दिवशी मी जाळीभोवती फिरून एकदा हाक मारली आणि कुलूप उघडलं. मग भिंतीवरच्या झाडापाशी गेले. लाल खुणा वरून एकेक करत खाली आल्या होत्या आणि शुक्रवारी संध्याकाळी सहाला जिथं मी त्यांना थांबवलं, तिथं थांबल्या होत्या. मी त्यांचीच पेन्सिल घेतली आणि पुढच्या ओळीपासून सुरुवात केली. अगदी हळू. एक ओळ, खूण. दुसरी ओळ, खूण. तिसऱ्या ओळीवर सापडलं. जुनी आवृत्ती गुपचूप ओढून आणणारी ती लायब्ररी तिथंच होती. त्यांना फक्त तीन ओळी कमी पडल्या होत्या. पाच मिनिटांचं काम. मी भिंतीकडे तोंड करून उभी राहिले आणि मला रडू आवरेना. 

मग जागेवर येऊन ती फाईल दुरुस्त केली आणि त्यांची ती ओळ खोडली, नावासकट. आता फक्त बटण दाबायचं होतं. मी उभी राहिले. मोठ्यानं विचारलं, "आत कोण हाय का?" एरवी सगळे एका सुरात ओरडायचे. त्या दिवशी सगळ्यांचे हात कीबोर्डवर थांबले आणि कुणी 'कोणी नाही' म्हटलं नाही. मी थांबले. मग दाबलं. हिरवं झालं.

कुलूप आता जाळीच्या दारावर उघडंच लटकलेलं असतं, काळ्या केसांच्या त्या फोटोसकट. बिल्डचं काम माझ्याकडे आलं आहे. रोज सुरू करण्याआधी मी विचारते. पोरं हल्ली पुन्हा उत्तर द्यायला लागली आहेत, "कोणी नाही." ते ऐकूनही मी लगेच दाबत नाही. थोडं थांबते. कुणाला उशिरा ऐकू येत असेल, म्हणून.