गाडी नसलेल्या लोरेटाचा विमा

ओहायोतल्या त्या खेड्यात बस येत नव्हती आणि इस्पितळ चाळीस मैलांवर होतं. लोरेटाच्या लेकीचे, टेसाचे, दिवस भरत आले होते आणि जावई ट्रक घेऊन लांब गेला होता. वर्षापूर्वी गाडीचा विमा संपलेला असताना लोरेटाने एका सायकलवाल्या बाईला धडक दिली होती. गाडी भंगारात गेली, लायसन्सही गेलं. आता ते परत हवं तर आधी विमा दाखवा, असं सरकारचं म्हणणं होतं.

"गाडी कुठली?" विमा एजंटने विचारलं.

"गाडी नाही. शेजाऱ्याची मागून चालवणार."

"मग दुसऱ्याला लागलं तर भरपाई मिळेल. गाडीच्या नुकसानीची मिळणार नाही."

सोबत आलेला शेजारी ऑर्व्हिल हसला. "लोरेटा, माझ्या पिकअपला पोचा आला तर?"

"तो मी भरेन. पण त्या बाईचा हात मोडला, तेव्हा मी नुसती रडत उभी होते. तसं पुन्हा व्हायला नको."

ऑर्व्हिलने पिकअपची किल्ली काढून दिली.

कळा सुरू झाल्या तेव्हा लोरेटाचं लायसन्स येऊन चार दिवस झाले होते.

"आई, ट्रॅक्टरसुद्धा पुढे गेला गं!" पिकअपमध्ये शेजारी बसलेली टेसा कण्हत म्हणाली.

"जाऊ दे त्याला," लोरेटा म्हणाली आणि तिने रस्त्यावरची नजर हलवली नाही.