कळ्या न पडलेला मोदक

गेल्या माघात मी देवाशी भांडण धरून बसलो होतो. गिरगावातल्या आमच्या दोन खोल्यांत अठ्ठावीस वर्षं गणेशजयंतीचा नैवेद्य बायकोने केला, आणि त्याने तिच्याच मेंदूत हे घालावं? परळच्या डॉक्टरांनी समजावलं होतं. मेंदूतल्या एका प्रथिनाची घडी चुकते, मग ते शेजारच्यालाही चुकीची घडी शिकवतं, ते त्याच्या शेजारच्याला. प्रायॉनचा आजार. औषध नाही, हातात थोडे महिने. मी एवढंच विचारलं, "लागण होते का?" "शिवल्याने, एका ताटात जेवल्याने नाही," ते स्वच्छ म्हणाले.

माझा विश्वास बसला नाही. आजवर कुणाला सांगितलं नाही ते आता सांगतो. तिचं ताट-पेला मी वेगळा केला. पाठदुखीचं निमित्त करून बाहेरच्या खोलीत झोपू लागलो. तिचा हात झटके खात माझ्याकडे आला की मी काहीतरी शोधायला उठायचो. ती माणसं विसरत चालली होती, पण मी टाळतोय हे तिला कळायचं.

जयंतीच्या सकाळी ब्युरोकडून तिला सांभाळायला नवी बाई आली, भायखळ्याची फिलोमिनाबाई. मी कसेबसे मोदक वळत होतो. बायको उठली आणि परातीशी येऊन बसली.

"आत न्या तिला. नैवेद्य आहे," मी म्हणालो.

"मग? हात धुतलेत तिचे."

"कळ्या पडायच्या नाहीत तिच्याने."

"अहो साहेब, सोंड बघा तुमच्या देवाची! त्याचंच नाक सरळ नाय, तो हिच्या मोदकाला नावं ठेवणार?" मग छातीवर क्रूस काढून हळूच, "सॉरी हां, देवा."

बायकोने एकच केला. ना कळी, ना टोक, सारण बाहेर. "घे, हेही तुझंच," असं मनात म्हणत मी रागानेच तो देवापुढे ठेवला. आरती झाली. दरवर्षी पहिला मोदक ती मला भरवायची. तिने तोच उचलला आणि माझ्या तोंडाशी आणला. मी मागे सरलो. हात हवेत थरथरत राहिला.

"अजून विसरली नाय ती तुम्हाला," बाई म्हणाली. "तोंड उघडा."

उघडलं. अर्धा मोदक सदऱ्यावर सांडला, तिची बोटं ओठांना लागली. प्रकाश वगैरे काही दिसला नाही. भीती तेवढी गेली. त्या दुपारी आम्ही एका ताटात जेवलो.

चैत्रात ती गेली. नातेवाईक म्हणाले, अंथरूण जाळून टाक. नाही जाळलं. नवस कमी पडला म्हणणाऱ्याला मी दार दाखवलं. देवाला जाब मी अजून विचारतो, रोज दिवा लावून, समोर बसून. शरण ताठ मानेनेही जाता येतं. मी त्याच्या पायाशी फक्त माझी भीती ठेवली, ती त्याने घेतली. शेवटचे दोन महिने तिचा हात झटके देत माझ्या छातीवर आपटायचा आणि मी तो धरून ठेवायचो. धरू दिला, हे त्याचे उपकार.