जाऊबाईंचं नाक

माझ्या थोरल्या जाऊबाईंना देवानं नाक दिलं आणि मला पाण्याची नळी. दोघी एकाच बागेच्या काचघरात कामाला, किडे खाणाऱ्या झाडांच्या खोलीत. पण पाहुणे आले की पुढे त्या आणि मागे चिखलात मी.

घटपर्णीच्या उभ्या पेल्याशी वाकून त्या म्हणायच्या, "हा वास भुलवायचा. माशी आत घसरली की संपली." मग उंच देठावरच्या फुलाकडे बोट. "हे मात्र पेल्यापासून लांब. पराग नेणाऱ्यालाच खाल्लं तर बी कुठून धरणार?" लोक माना डोलवायचे. माझा नुसता जळफळाट. घरीही तेच, दूध नासायच्या आधी यांना कळणार आणि सासूबाई मला ऐकवणार.

आमच्याकडे घटपर्णीच्याच पिवळ्या फुलांच्या दोन जाती. दिसायला सख्ख्या बहिणी, पण एकीला वासच नाही आणि दुसरीला मांजराच्या मुताची घाण. फुलं कापून एकाच बादलीत पडतात. मग निवडायची ती नाकानंच, चांगली पाहुण्यांसाठी टेबलावर आणि घाणेरडी उकिरड्यावर. हे काम अर्थात जाऊबाईंचं.

यंदा खोलीची किल्ली आमच्यापैकी एकीला मिळणार होती. किल्ली म्हणजे पाहुण्यांपुढे बोलायचा मान. बागेचे साहेब ठरवायला आले आणि दारातच त्यांनी नाकाला रुमाल लावला. टेबलावर, फुलदाणीत, झोकात उभी होती ती घाणेरडी फुलं!

"अहो, हे काय?"

जाऊबाई कावऱ्याबावऱ्या झाल्या. मग बाहेर आलं, हिवाळ्यातल्या तापानंतर बाईंना काडीचाही वास येत नव्हता आणि त्यांनी हूं की चूं केलं नव्हतं. वाईट वाटायला हवं होतं. मला मनातून उकळ्या फुटत होत्या.

किल्ली माझ्या कमरेला आली, नळी त्यांच्या हातात गेली.

पहिल्याच दिवशी एका आजींनी पेल्याकडे बघून विचारलं, "याचा वास कसा असतो गं?"

मी हुंगलं. "गोड," म्हणाले. आजी वाट बघत उभ्या.

मागे नळी बंद झाली. "आधी मध," जाऊबाई म्हणाल्या. "मग जरासा आंबूस. पिकलेलं फळ कपाटात विसरावं आणि चार दिवसांनी दार उघडावं, तसा."

सगळे त्यांच्याकडे वळले.

मी पुन्हा वाकून हुंगलं. अगदी तस्साच होता, मेला.