नखभर ग्रीस

आजकाल माझ्या गॅरेजात येणाऱ्या बहुतेक गाड्यांना एबीएस असतं. मालकांना वाटतं, एबीएस आहे म्हणजे ब्रेककडे बघायची गरजच नाही. मी त्यांना इंदुरी ढंगात समजावतो, "भिया, ते चाक लॉक होऊ देत नाही, एवढंच. पॅडवर तेल लागलेलं असेल तर तेसुद्धा काही करू शकत नाही." मग चाकाजवळचा सेन्सर आणि त्याची दातेरी रिंग मऊ ब्रशने साफ करतो, डिस्क पुसतो, ब्रेकचं तेल काळं पडलं असेल तर बदलतो. ब्रेकचं काम मी दुसऱ्या कुणाला करू देत नाही. लोक याला माझी शिस्त म्हणतात. मी त्यांना म्हणू देतो.

मी चोवीस वर्षांचा होतो तेव्हाची गोष्ट. इंदूरच्या कापड मिल्स एकेक करून बंद पडत होत्या आणि मोटरसायकलींचे काचेचे शोरूम उघडत होते. अशाच एका शोरूमच्या, पोलोग्राउंड भागातल्या वर्कशॉपमध्ये मी सुपरवायझर होतो. आयटीआय केलेलं, वर कंपनीचं पंधरा दिवसांचं ट्रेनिंग आणि त्याचं सर्टिफिकेट. माझ्या हाताखाली एक काका होते, पन्नाशी उलटलेले. अर्धं आयुष्य मिलमध्ये फिटर. मिल बंद झाली आणि ते आमच्याकडे मेकॅनिक म्हणून लागले. मला 'साहेब' म्हणायचे. मला ते आवडायचं.

तेव्हा गाड्यांना ड्रम ब्रेक असायचे. काका चाक उघडून ड्रममधली धूळ ओल्या फडक्याने टिपून घेत, कधी फुंकत नसत. ड्रमला घासून चाक थांबवणाऱ्या लायनरवर चढलेली चकाकी पॉलिश पेपरने घासून काढत. शेवटी लायनर फाकवणाऱ्या कॅमच्या पिनला ग्रीस लावताना करंगळीचं टोक दाखवून म्हणत, "नखभर, साहेब. जास्त झालं की गरम होऊन लायनरवर उतरतं." मी मान हलवायचो. हे मला ट्रेनिंगमध्येही सांगितलं होतं.

एकदा देपालपूरचे एक मास्तर गाडी घेऊन आले. पुढचा ब्रेक दाबला की चीं चीं आवाज. काकांनी चाक उघडलं, सगळं साफ केलं आणि तेवढ्यात कुणीतरी निरोप घेऊन आलं, की मिलमधली मशीनं ट्रकांत भरून चालली आहेत, जुने कामगार गेटवर जमलेत.

"साहेब, तासाभरात येतो. चाक तसंच राहू द्या, मी आल्यावर बसवतो," काका म्हणाले.

"जा ना काका, बिनधास्त जा," मी म्हणालो.

दोन तास झाले. मास्तर घड्याळ बघत होते, दिवस असेपर्यंत त्यांना घरी पोचायचं होतं. मग मीच बसलो. पुन्हा आवाज येऊ नये म्हणून कॅमला बोटाने भरपूर ग्रीस चोपडलं, चाक चढवलं, कंपाउंडमध्ये एक चक्कर मारली. ब्रेक छान लागला. जॉबकार्डावर मेकॅनिक म्हणून काकांचं नाव होतं, ते तसंच राहू दिलं.

तिसऱ्या दिवशी मास्तर आले ते उजवा हात प्लास्टरमध्ये घालून. रस्त्यात बैलगाडी आडवी आली, ब्रेक दाबला, तो लागलाच नाही, आणि ते गाडीसकट खड्ड्यात गेले. त्यांच्या भावाने मोटरसायकल टेम्पोत घालून आणली होती. शोरूमच्या मालकाने सगळ्यांसमोर ड्रम उघडायला लावला. लायनर ग्रीसने चिकट झाले होते.

"ये किसका काम है?" मालकाने जॉबकार्ड मागवलं.

काकांनी ड्रममध्ये बोट फिरवलं, ग्रीस बघितलं आणि माझ्याकडे बघितलं. मला फक्त तोंड उघडायचं होतं. मी उघडलंही.

"काका, कितनी बार बोला आपको, ग्रीस कम लगाओ."

काकांशी मी कधी हिंदीत बोलत नसे. त्या दिवशी बोललो, मालकाला कळावं म्हणून.

मास्तर संतापून म्हणाले, "मिल में भी ऐसे ही काम करते थे क्या? तभी बंद हो गई."

काकांनी फडकं खाली ठेवलं. साबणाने हात स्वच्छ धुतले, डबा घेतला आणि निघून गेले. ते परत आले नाहीत.

तीन आठवड्यांनी मी त्यांच्या चाळीत गेलो. काकूंनी पाणी आणून दिलं, आत हाक मारली, "अहो, साहेब आलेत." काका बाहेर येऊन समोर बसले.

"काका, चूक माझी होती," मी म्हणालो. "तुम्ही तेव्हा बोलला का नाहीत?"

"तुला वाचवायला गप्प बसलो असं समजू नकोस," ते म्हणाले. पहिल्यांदाच मला 'तू' म्हणत होते. "तुझ्याकडे सर्टिफिकेट आहे. माझं कोण ऐकणार होतं?" मग त्यांनी विचारलं, "मास्तरांना सांगितलंस?"

"नाही."

"मग इथे काय करतोस? हात त्यांचा मोडला."

दुसऱ्या दिवशी मी बसने देपालपूरला गेलो. मास्तर वर्गात डाव्या हाताने फळ्यावर लिहीत होते, अक्षरं वाकडीतिकडी. बाहेर व्हरांड्यात मी त्यांना सगळं सांगितलं. ते मला शिव्या देतील अशी माझी तयारी होती. पण त्यांनी विचारलं, "और उस बुजुर्ग को मैंने क्या-क्या बोल दिया! उनका घर बता सकते हो?"

रविवारी ते इंदूरला आले. मी त्यांना चाळीपर्यंत घेऊन गेलो. उजवा हात वर येत नव्हता, म्हणून त्यांनी एकाच हाताने नमस्कार केला. काकांनी तो हात धरून त्यांना खाटेवर बसवलं. काकूंनी दोन कप चहा आणला. मी दारातच उभा होतो. मला कुणी आत बोलावलं नाही, आणि ते बरोबरच होतं.

सोमवारी मालकालाही सांगितलं. तो हसला, "अरे, अब जाने दे. हो गया." त्याने काकांना परत यायचा निरोप धाडला. काका आले नाहीत, कुठल्याशा नव्या कॉलनीच्या गेटवर चौकीदार म्हणून लागले. मी मात्र तिथेच राहिलो. पुढच्या वर्षी मालकाने मला हेड सुपरवायझर हो म्हटलं, आणि मी झालो.