अज्जांचा सव्वा महिना

गावाबद्दल मायेनं लिहावं, असं शाळेतले सहकारी मला सांगतात. मी हदगावला शिक्षिका आहे. माझं गाव उदगीरच्या पलीकडे, कर्नाटकाच्या अंगाला. आमच्या घरात पदवी घेणारी मी पहिली. त्याचं श्रेय अप्पांचं, म्हणजे माझ्या वडिलांचं. गावाचं त्यात काही नाही. गावानं आम्हाला काय दिलं ते मी पाहिलं आहे, म्हणून माया आणायची कुठून हा प्रश्न पडतो.

आमच्या शेताला लागून ज्यांचं शेत, ते आमचे धुरेकरी. दोन शेतांमधला बांध म्हणजे धुरा. हा माणूस दरवर्षी नांगरताना धुऱ्याचा एक घास आपल्याकडे ओढायचा. माझ्या लहानपणी त्या धुऱ्यावरून बैलगाडी जायची. मी लातूरला कॉलेजात गेले तोवर माणूस चालताना पाय तिरपा टाकायला लागला होता. त्या वर्षी पेरणीच्या वेळी अप्पांचं आणि त्यांचं कडाक्याचं भांडण झालं. अप्पा मुळात कमी बोलणारे, पण त्या दिवशी चार माणसांदेखत बोलून गेले, "आग लागो तुझ्या रानाला!"

आमच्याकडे बायका दुधाच्या भांड्यालासुद्धा आग लागो म्हणतात. पण सोयाबीन कापून झालं, रानोरान कापलेल्या पिकाच्या गंजी लागल्या, आणि मळणीच्या आधी धुरेकऱ्याची गंज खरोखरच पेटली.

मी त्याच संध्याकाळी दिवाळीच्या सुट्टीसाठी लातूरहून येत होते. अप्पा मोटारसायकल घेऊन फाट्यावर थांबले होते. बसमधून उतरले तेव्हा दिवस मावळत होता आणि आमच्या शिवारावर काळा धूर उभा होता. अप्पा म्हणाले, "कुणाचं तरी गेलं गं." त्यांचा चेहरा मला आजही आठवतो. तो आग लावून आलेल्या माणसाचा चेहरा नव्हता.

पण बस उशिरा आली होती, आणि तोवर फाट्यावर अप्पांशिवाय कुणी नव्हतं. आळ अप्पांवर आला. ते फाट्यावर होते, हे मी सांगत राहिले. लोक म्हणाले, पोरगी बापाचंच सांगणार.

पोलीस आले, पंचनामा झाला. जाताना जमादार म्हणाला, "पुरावा न्हाई. गावातच मिटवा." आमच्या गावात मिटवायची एकच रीत होती. महादेवाच्या पिंडीवरचा बेल उचलायचा आणि मी हे केलं नाही असं म्हणायचं. एवढ्यावर भागत नाही. त्यानंतर सव्वा महिना गाव त्या घरावर नजर ठेवतं. तेवढ्यात घरात कुणी मेलं, जनावर दगावलं, तर शपथ खोटी ठरली. मग त्या घराला कामाला माणूस मिळत नाही, लग्नाला आमंत्रण नाही.

अप्पांनी बेल तिथल्या तिथं उचलला असता. पण घरात अज्जा होते, अप्पांचे वडील. जुना दमा, छातीत पाणी. लातूरच्या डॉक्टरांनी दसऱ्यालाच हात टेकले होते. दिवाळी निघते की नाही अशी अवस्था. अप्पांनी शपथ घ्यायची आणि आठ-पंधरा दिवसांत अज्जा गेले, की गाव म्हणणार, बघा, महादेवानं दाखवलं.

धुरेकऱ्याला हे नेमकं ठाऊक होतं. देवळापुढं बैठक बसली तेव्हा तो हसून म्हणाला, "उद्याच उचला की. सोमवार हाय. भ्यायचं काय त्यात?"

अप्पा म्हणाले, "थोडं थांबा."

"का? कशासाठी थांबायचं?"

माझा बाप मरायला टेकलाय म्हणून, हे अप्पांना चारचौघांत म्हणता येईना. ते मान खाली घालून उठले. मागून कुणीतरी म्हणालं, "झालं की मग. ज्याचं त्यानंच सांगितलं." कडुनिंबाखाली बायकांत मी आणि आई उभ्या होतो. आमच्या शेजारच्या दोघी सरकून लांब उभ्या राहिल्या.

दुसऱ्या दिवसापासून मळणीयंत्रवाला फोन उचलेना. रस्त्यात गाठला तर म्हणाला, "गावाचं मिटू द्या, मग बघू." आमची गंज ताडपत्रीखाली तशीच. ढग येऊन जाऊन होते. कुणी तीही पेटवेल, या भीतीनं मी आणि अप्पा आळीपाळीनं रानात बसायचो. मी परीक्षेची पुस्तकं घेऊन जायचे. येणारे-जाणारे वाटेवरून ओरडायचे, "बाई, अभ्यास करायलीस का राखण?" आणि हसायचे.

हे सगळं अज्जांपासून लपवलं होतं. पण बाजेवर पडलेल्या माणसाला ऐकण्याशिवाय दुसरं काम नसतं. एका सकाळी त्यांनी अप्पांना हाक मारली.

"गंज तू पेटवलीस का?"

"न्हाई."

"मग मला देवळात ने. बेल मी उचलतो."

अप्पांनी नाही म्हटलं, आई रडली. अज्जांनी दोघांना अशा शिव्या दिल्या की खोकल्यानं डोळे पांढरे झाले. शेवटी त्यांना ऑटोत बसवून देवळात नेलं. बातमी आमच्या आधी पोचली होती. अर्धं गाव हजर. अप्पांनी त्यांना पिंडीपाशी बसवलं. त्यांनी बेल उचलला आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, "महादेवा, माझ्या पोरानं आग लावली असंल तर सव्वा महिन्याच्या आत मला ने. लावली नसंल तर तवर मला हात लावू नको."

धुरेकऱ्याच्या चेहऱ्यावरचं हसू मला दिसलं. त्याला वाटलं, म्हाताऱ्यानं आपलं काम सोपं केलं.

घरी आल्यावर अज्जांनी पहिली गोष्ट मागितली ती म्हणजे दम्याचा पंप. ते प्लॅस्टिक तोंडात धरायला ते वर्षभर तयार नव्हते. मग दूध मागितलं. गोळ्या वेळेवर घ्यायला लागले. मला म्हणायचे, "पोरी, तू शिकलीस ना? गोळ्यांच्या पाकिटावर काय लिवलंय ते नीट वाच, गोळी चुकली तर मी मेलो." मी सुट्टी संपल्यावरही कॉलेजला गेले नाही. त्यांच्या श्वासावर कान ठेवून बसायचे.

गावातल्या बायका तब्येत विचारायला यायच्या. कधी नव्हे ते वाटीभर शेवयांची खीर, कधी मुगाचं वरण घेऊन. बसायच्या आणि अज्जांच्या छातीकडे बघत राहायच्या. एकदा एकीनं पदर तोंडाला लावून विचारलं, "आता कसं वाटायलंय, अज्जा?"

"हाय अजून," अज्जा म्हणाले. "वाटी ठेव आन् सांग जाऊन."

राग माणसाला किती दिवस जगवू शकतो, हे कुठल्याही पुस्तकात मी वाचलेलं नाही. आमच्या घरात मी ते पाहिलं. त्यांचे पाय सुजले, रात्री बसून काढायला लागले, पण सकाळी डोळे उघडून पहिलं विचारायचे, "किती राहिले?"

मुदत संपत आली आणि धुरेकऱ्याची दुभती म्हैस मेली.

दुपारपर्यंत आमच्या अंगणात गर्दी. हीच माणसं, जी महिनाभर आमच्याकडे पाठ करून गेली होती. सगळ्यांचे चेहरे उजळलेले. म्हणे धुरेकऱ्यानंच भरपाईसाठी स्वतःची गंज पेटवली आणि आळ तुमच्यावर घातला. महादेवानं न्याय केला. एक जण तर अप्पांच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाला, "आम्हाला आधीच संशय व्हता." त्याचा हात झिडकारावा असं मला वाटलं. पण खरं सांगायचं तर सुटल्यासारखंही वाटलं. अप्पांच्या चेहऱ्यावरही तेच होतं.

बाजेवरून अज्जांनी विचारलं, "म्हैस चरत कुठं व्हती?"

"ज्वारीच्या फुटव्यात घुसली व्हती सकाळी."

"मग किराळ लागली तिला. कोवळी ज्वारी खाल्ली की जनावर मरतंय. बारकं पोरगं सांगंल. त्यात महादेव कुठून आला?"

लोक चुळबुळले. देवळातली बैठक चालवणारा म्हातारा म्हणाला, "अज्जा, निकाल तुमच्या बाजूनं लागायलाय. तुम्हीच आडवं का लावायलात?"

अज्जांनी आधी पंप घेतला. मग म्हणाले, "आपण दोघांनी एकाला गावातून काढला व्हता. चोरीचा आळ व्हता. त्यानं बेल उचलला आन् त्याचं पोरगं मेलं. आठवतंय का?"

"आठवतंय की."

"पोरगं तापानं मेलं. गावात तवा घरोघर ताप व्हता. मला तवाबी म्हाईत व्हतं, तुलाबी. तरी आपण म्हणलो, पाप बाहेर आलं. तो लातूरला हमाली करत मेला."

अज्जा पुढं म्हणाले, "हा धुरेकरी हलकट हाय. धुरा खाल्ला त्यानं माझा. पण गंज त्यानं पेटवली का दुसऱ्यानं, मला म्हाईत न्हाई, तुम्हालाबी न्हाई. निघा आता."

लोक निघाले. नाराज होऊनच गेले. त्यांना हातातला गुन्हेगार सोडायचा नव्हता. पण शपथ घेणाऱ्यानंच असं म्हटल्यावर मोजायला काही उरलं नाही. सव्वा महिना संपला. दोन दिवसांनी मळणीयंत्र आलं, आधी फोनही न करता. मधल्या पावसानं दाणा डागी झाला होता. गंज कुणी पेटवली ते आजपर्यंत कळलेलं नाही. अप्पांची कुणी माफी मागितली नाही. धुरेकऱ्यानंही आपल्याला वाचवल्याबद्दल चकार शब्द काढला नाही. उलट त्याच आठवड्यात धुऱ्यावरच्या आमच्या वाटेला आडवी काटेरी तार ओढली.

अज्जा होळीच्या सुमाराला गेले. जाण्याआधी त्यांनी अप्पांना सांगून ठेवलं होतं. आमच्यात माणसाला जाळत नाहीत, बसवून पुरतात, बऱ्याचदा स्वतःच्याच रानात. अज्जा म्हणाले होते, "मला धुऱ्यावर बसवा. तोंड त्याच्याकडं करून. बघू मग कोण कोरतंय."

तसंच केलं. मातीला धुरेकरी आला नाही. त्याच्या रानात उभा राहून लांबून बघत होता.

मी सुट्टीत गेले की रानात जाते. त्याचा ट्रॅक्टर धुऱ्याला लागून सरळ येतो. अज्जांच्या समाधीच्या ओट्यापाशी आला की तो नांगर उचलून घेतो, लांबून वळसा घालतो आणि पुढं गेल्यावर पुन्हा खाली सोडतो. तेवढ्या जागी धुरा जुन्या रुंदीचा राहिला आहे. बाकीचा तो अजून खातोच आहे.