गाठ सापडली, पेढे घ्या

आमच्या इंदिरानगरातल्या गाडीकाकूंना हळू आवाजात बोलताना मी कधी ऐकलं नाही. बायकांच्या दुखण्यांबद्दल तर नाहीच. बाकीच्या बायका 'तसलं ऑपरेशन' म्हणून कुजबुजायच्या, तेव्हा काकू फाटकात उभ्या राहून भाजीवालीला खणखणीत सांगायच्या, "गर्भपिशवी काढली आणि दोन्ही अंडाशयंही काढली. आतलं सगळं एकमेकांना चिकटून बसलं होतं. मेथी कशी दिलीस?" आत नाना, म्हणजे त्यांचे यजमान, रेडिओचा आवाज वाढवायचे.

गाडीकाकू हे नाव आम्ही शिकाऊ बायकांनी ठेवलेलं. नव्वदच्या दशकात कॉलनीतले रस्ते मोकळे होते आणि त्यावर काकूंनी निम्म्या गल्लीला मोपेड शिकवली. मी नवी सून, पदर खोचून थरथरत गाडीवर बसलेली, आणि सासूबाई गॅलरीतून बघताहेत. काकू मागून ओरडल्या, "रस्त्याकडे बघ गं! बघणाऱ्यांकडे बघशील तर गटारात जाशील." मी सासूबाईंकडे बघितलं आणि गटारात गेले. काकू इतक्या हसल्या की मला उचलायलाही त्यांना धड जमेना.

ऑपरेशनला वर्ष होतंय तोच त्यांच्या ओटीपोटात डावीकडे पुन्हा दुखायला लागलं. किक मारताना अशी कळ यायची की त्या सीटवर ओणव्या व्हायच्या. ज्यांनी ऑपरेशन केलं त्या डॉक्टरांनी धड तपासलंही नाही. "अहो, अंडाशयंच नाहीत तर गाठ येईल कशाला? मन कशात तरी रमवा." झालं! नानांना आयतं वाक्य मिळालं. "मनाचे खेळ आहेत," असं ते येणाऱ्याजाणाऱ्याला सांगू लागले. निफाडहून त्यांची बहीण आली, ती म्हणाली, "वहिनी, बाहेरचं हाय हे. वणीला नवस बोला." समोरच्या वहिनींनी ध्यानाचा क्लास सुचवला. काकूंनी सगळ्यांना चहा दिला आणि म्हणाल्या, "पोट माझं आहे. इथे मतदान नको."

पण खरं सांगते, बाई आतून हादरली होती. एका दुपारी माझ्या ओट्याला टेकून त्या म्हणाल्या, "दुखणं सोसेन गं मी. पण घरचंच माणूस मला खोटी ठरवतंय, ते नाही सोसत." त्यांच्या डोळ्यांत पाणी मी तेवढंच एकदा पाहिलं. मला नानांचा असा संताप आला म्हणून सांगू! मग पदराने डोळे पुसून त्याच म्हणाल्या, "काढ गाडी. दुसरा डॉक्टर बघू." मुंबई नाक्यापर्यंत मागे बसून त्यांचं 'ब्रेक, अगं ब्रेक' चालूच होतं. कळ आली की मात्र गप्प व्हायच्या आणि माझा खांदा घट्ट धरायच्या.

ही डॉक्टरीणबाई तरुण होती. तिने सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "अंगातून गरम वाफा येतात का? एकदम घाम फुटतो?"

"छे! समोरच्या वहिनींचं हेच ऑपरेशन झालं, त्या हाताला लागेल त्याने वारा घेतात. मला मेलं काहीच नाही."

डॉक्टरीणबाईने मान वर केली. अंडाशयं पूर्ण निघाली की बहुतेकींना वाफा येतात, ती म्हणाली. चिकटलेलं सोडवताना एखादा तुकडा मागे राहू शकतो, आणि तो जिवंत असला तर त्यावर गाठही होते. सोनोग्राफी केली. डावीकडे गाठ होती. "पुन्हा ऑपरेशन करावं लागेल, आणि ते सोपं नाही," डॉक्टरीणबाई जपून म्हणाली.

काकूंनी पुढचं ऐकलंच नाही. "म्हणजे गाठ आहे ना? ऐकलंस का गं? आहे!"

येताना त्यांनी मला मिठाईच्या दुकानापाशी गाडी थांबवायला लावली. मग घरोघर, "गाठ सापडली, पेढे घ्या." हसावं की रडावं, लोकांना कळेना. समोरच्या वहिनी म्हणाल्या, "अहो, कसली गाठ असेल देव जाणे, आणि पेढे काय वाटताय?"

"कसली का असेना, खरी आहे."

शेवटचा पेढा नानांपुढे धरला. "खा. मनाचा नाही, खव्याचा आहे." नानांनी पेढा खाल्ला. "चुकलं माझं," ते पुटपुटले.

"मोठ्यांदा," काकू म्हणाल्या. नानांनी पुन्हा म्हटलं, आणि या वेळी ते फाटकापर्यंत ऐकू गेलं.

दुसरं ऑपरेशन खूप वेळ चाललं. नाना बाकावरून हलले नाहीत. गाठ साधी निघाली, उरलेला तुकडाही निघाला.

मग डिसेंबर आला. नाशिकची थंडी, आम्ही सगळे स्वेटरात, आणि सकाळी सकाळी काकूंची आरोळी, "आल्या गं, वाफा आल्या!" धावत गेले. काकू उघड्या पायरीवर बसलेल्या, कपाळावर घाम, चेहरा लालबुंद. शेजारी कानटोपी आणि मफलर घातलेले नाना कुडकुडत त्यांना वारा घालत होते.

"जोरात घाला," काकू म्हणत होत्या.

काकू जाऊन आता काही वर्षं झाली. त्यांची आठवण आली नाही असा आठवडा जात नाही. परवा भर थंडीत मलाही एकदम दरदरून घाम फुटला. आमचे हे म्हणाले, "एवढ्या थंडीत घाम? तुझ्या मनाचं काहीतरी..."

मी त्यांच्या हातात पंखा दिला. "मतदान नको. जोरात घाला."