जोतिबाच्या आड लपलेला माणूस

राजारामपुरीत मी जोतिबाचा मोठा भक्त म्हणून ओळखला जातो. माघातल्या दर रविवारी अनवाणी डोंगर चढून दर्शनाला जायचं, हे आमच्याकडचे खेटे. ते चुकू नयेत म्हणून मी कित्येक वर्षं लंडनला लेकीकडेसुद्धा गेलो नाही, असं लोक कौतुकानं सांगतात. ऐकून मनाला फार टोचतं, म्हणून आज खरं लिहितो. मी विमानाला भीत होतो. मुंबई ते लंडन सात हजार दोनशे किलोमीटर, दहा तास अधांतरी, एवढं ऐकलं की मी विषय बदलायचो. जावयांनी व्हिसा काढून दिला होता, तरी मी देवाचं नाव पुढे करत राहिलो.

गेल्या माघात लेकीचे दिवस भरत आले होते. खेट्याला निघालो असताना डोंगराच्या अर्ध्या वाटेवर तिचा फोन आला. डॉक्टरांनी तीन दिवसांनी ऑपरेशन ठरवलं होतं. "आई असती तर आली असती, अप्पा," एवढंच ती म्हणाली. माझ्या पत्नीला जाऊन तेव्हा वर्ष झालं होतं. वर देवापुढे उभा राहिलो, पण काही मागायला तोंड नव्हतं. "आता तूच ने," म्हणालो आणि घरी येऊन तिकीट काढायला लावलं.

विमानात समोरच्या पडद्यावर उरलेले किलोमीटर दिसत होते. खुर्चीचे हात घट्ट धरून मी तेच बघत बसलो. आकडा काही हलेना. शेजारी साठीच्या एक बाई होत्या, हुपरीच्या, घरी पैंजणाचं काम, मुलाकडे निघालेल्या. बराच वेळ बघून त्या म्हणाल्या, "पावणं, इमान काय तुमी ढकलताय व्हय?"

मी ओशाळून खेटे अर्धे सोडून आल्याचं सांगितलं.

"मग? जोतिबा काय डोंगरावरच बसून असतोय? लेकीकडं निघालाय न्हवं, त्येच्याच वाटंवर हाय की तुमी!"

त्यांनी आपली शाल माझ्या पडद्यावर टाकली आणि हातात भाकरी-चटणी दिली. "खावा आन् झोपा. चालवणारा चालवतोय." मी खरंच झोपलो. जाग आली तेव्हा खाली लंडनचे दिवे दिसत होते.

दवाखान्यात पोचलो तेव्हा लेकीला आत न्यायची तयारी चालली होती. "खेटे सोडून आलासा?" ती म्हणाली.

"खेट्याचं निमित्त होतं गं. भीत होतो मी."

"मला ठावं हुतं की!" म्हणत ती इतकी हसली, की नर्स बघायला आली. हसतच ती आत गेली. तासाभरात नात माझ्या हातात होती.

विमानातल्या त्या बाई देवानंच धाडल्या, असं मी मानतो. कुणी योगायोग म्हटलं तरी वाद घालणार नाही. इतकी वर्षं मी देवाच्या आड लपलो. त्यानं न रागावता हाताला धरून बाहेर काढलं आणि जिथं असायला हवं होतं तिथं नेऊन उभं केलं. माझ्याकडून त्यासाठी लागलं ते एवढंच, की मी धरलेलं सोडून द्यावं.